भुयारी बांधकामात सहा वर्षं झाली, आता पुढं कसं जायचं?

कोयनाकाठ
नमस्कार मंडळी,

धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं. आज नाइट शिफ्टवरून आलो, झोप लागेना, म्हणून लिहायला बसलोय.

मी पाटण तालुक्यातला. कराडला सिव्हिल केलं आणि गेली सहा वर्षं बोगद्यांच्या कामावर आहे. पहिली दोन मुंबईत मेट्रोच्या भुयारी स्टेशनवर, पुढची चार हिमालयात रस्त्याच्या बोगद्यावर. सध्या हेडिंगला, म्हणजे खोदाई चालू असते त्या टोकाला, शिफ्ट इंजिनिअर. ड्रिलिंग, चार्जिंग, ब्लास्ट, धूर जाईपर्यंत थांबणं, लूज म्हणजे सुटलेला दगड पाडणं, मक म्हणजे फुटलेला दगड बाहेर काढणं, शॉटक्रीट (भिंतीवर फवारायचं काँक्रीट), खडक धरून ठेवणारे बोल्ट, आणि पुन्हा ड्रिलिंग. या चक्रात बाहेर दिवस आहे की रात्र तेही कळत नाही.

आता समोर दोन वाटा आहेत. इथंच एका फेसचा (समोरच्या खोदायच्या भिंतीचा) सेक्शन इन्चार्ज व्हायचं, म्हणजे तीन शिफ्ट मिळून नव्वदेक माणसं माझ्या हाताखाली. किंवा पुण्यात एका सल्लागार कंपनीत प्लॅनिंगला यायचं. पगारात फार फरक नाही. बायको कराडला शिक्षिका आहे, मुलगी दोन वर्षांची. मित्र म्हणतात एमबीए कर, साइटवर आयुष्य काढून कुणी मोठं होत नाही.

मला मोठं व्हायचंय, पण नुसत्या पदासाठी नाही. माझे आजोबा कोयनेच्या पहिल्या टप्प्यात बोगद्यात मजूर होते. ट्रॉलीनं दगड बाहेर काढायचे. एका कानानं त्यांना शेवटपर्यंत ऐकू येत नव्हतं. मला नोकरी लागली तेव्हा त्यांनी पगार विचारला नाही. विचारलं, "तुझ्या हाताखालची माणसं रात्रपाळीला जेवत्यात का रं?" त्या प्रश्नाला साजेसा माणूस व्हायचंय. या क्षेत्रातल्या जाणत्यांनी सांगा, असं नेतृत्व कुठं शिकायचं आणि घर सांभाळून कसं जमवायचं?

वाईकर
आजोबांचा प्रश्न वाचून थांबलोच. जाणकार लिहितील, मी वाचतोय.

तेजस_विटा
दादा, मी थर्ड इयरला आहे. मलाही बोगद्यातच जायचंय. सगळं विचारून घ्या, माझंही काम होईल.

जुना_मिस्त्री
कोयनाकाठ, तुझ्या आजोबांच्या कामाचं मोल मला ठाऊक आहे. पोफळीचं वीजघर डोंगराच्या पोटात आहे, ते अशाच माणसांनी कोरलं. मी त्यांच्या पुढच्या पिढीचा, चौथ्या टप्प्यावर होतो. 13 मार्च 1999 ला शिवाजीसागराच्या, म्हणजे कोयनेच्या जलाशयाच्या, तळाला खालून भोक पाडलं, त्या लेक टॅपिंगच्या वेळी ज्युनिअर म्हणून तिथं होतो. तरुणांसाठी सांगतो: बोगदा खालून जलाशयाच्या तळाकडं न्यायचा, वर धरण भरलेलं, आणि शेवटी मध्ये खडकाचा एक बूच ठेवायचा. तो एकाच स्फोटात उडवायचा आणि त्याचा दगड खाली आधीच खणलेल्या खड्ड्यात पडला पाहिजे. बुचाच्या जवळ जाताना आधी लांब भोकं मारून पुढं खडक कसा आहे, पाणी किती येतंय ते बघायचं, फटींत सिमेंट भरून ग्राउट करायचं, मगच पाऊल टाकायचं. तिथं घाई नावाचा शब्द चालत नाही.

पण तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला कोयनेत नाही, नंतर एका दुसऱ्या जलविद्युत प्रकल्पावर मिळालं. नाव सांगत नाही. तिथं मी फेसचा इन्चार्ज होतो. महिन्याचं टार्गेट मागं पडलेलं, दर राऊंडला, म्हणजे एका ब्लास्टला, तीन मीटर पुल (पुढं सरकणं) हवा म्हणून वरून रोज फोन. एका रात्री फोरमननं बारनं क्राऊन (बोगद्याचं छत) ठोकला आणि मला म्हणाला, "साहेब, आवाज बरोबर नाही." चांगला खडक ठण्ण वाजतो. सुटलेला खडक बद्द वाजतो, मातीच्या फुटक्या मडक्यावर टिचकी मारल्यासारखा. मी स्वतः ऐकला तो आवाज. आणि तरी म्हणालो, एवढा राऊंड होऊ दे, मग बोल्ट मारू.

त्यानं मला उत्तर दिलं नाही. पोरांना म्हणाला, चला चहा घेऊन येऊ. बारा माणसं मागं घेऊन गेला. पंधरा-वीस मिनिटांत क्राऊन खाली आला. बूमरचा (ड्रिलिंगच्या यंत्राचा) एक हात दगडाखाली गेला. माणूस एकही नाही.

तो फोरमन चौथी शिकलेला होता. त्या रात्री त्या बोगद्यात नेता कोण होता, हे मला कुणी सांगायला नको होतं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर मी त्याची माफी मागितली. पुढची अठरा वर्षं शिफ्ट सुरू करताना पहिला प्रश्न फोरमनला विचारला, इंजिनिअरला नाही: "काल रात्री काय वेगळं वाटलं?" सुरुवातीला कुणी बोलत नाही. साहेबाला आवडेल तेच सांगतात. महिनाभर विचारत राहिलास की बोलायला लागतात. मला जे काही नेतृत्व आलं ते एवढंच आहे.

काळा_पाषाण
जुना_मिस्त्री, तुमचा प्रतिसाद मी आमच्या ग्रुपवर वाचून दाखवला. कुणीही मध्ये बोललं नाही.

मी भूवैज्ञानिक आहे, माहेर सांगली. माझं काम म्हणजे प्रत्येक ब्लास्टनंतर फेस बघून मॅपिंग करायचं: सांधे किती, कुठल्या दिशेनं झुकलेत, पाणी कुठून पाझरतंय. मग आरएमआर किंवा क्यू, म्हणजे खडकाच्या दर्जाचा आकडा, काढायचा आणि आधार किती द्यायचा ते सुचवायचं. आरएमआर 1973 चा, क्यू पद्धत 1974 ची, नॉर्वेतली. दोन्ही आजही रोज वापरतो. पण आकडा फेसला उभं राहून काढायचा असतो, ऑफिसात बसून नाही.

आपला सह्याद्रीचा बेसाल्ट लोकांना वाटतो तसा एकसारखा नसतो. दोन लाव्हा प्रवाहांच्या मध्ये कुठंकुठं तांबडा थर सापडतो, रेड बोल म्हणतात. जाडी कधी हातभर, कधी पुरुषभर. कोरडा असताना विटेसारखा दिसतो. पाणी लागलं की साबणासारखा होतो, बोट सहज आत जातं. एका उपसा सिंचनाच्या बोगद्यात हा थर पायाजवळ दिसायला लागला. चढानं वर जात होता, म्हणजे पुढं तो क्राऊनला येणार हे उघड होतं. मी लेखी दिलं: आताच पुल अर्धा करा, फोरपोलिंगची (छतात पुढच्या बाजूला आधीच आधाराचे पाइप घालायची) तयारी ठेवा. त्या वेळचे इन्चार्ज वयानं माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. कागद हातात घेतला आणि विचारलं, "किती मीटरवर येईल?" मी म्हटलं, आठ ते दहा. त्यांनी त्याच क्षणी खडू घेऊन भिंतीवर रेघ मारली आणि वर लिहिलं, इथून पुढं दीड मीटर. थर नवव्या मीटरला आला.

तो माणूस भूविज्ञान शिकलेला नव्हता. कुणाचं ऐकायचं आणि ऐकल्यावर किती वेळात हलायचं हे त्याला माहीत होतं.

विश्रामबाग
सगळं मनापासून पटतं, पण एक बाजू राहतेय. मी कंत्राटं बघतो. फेसवर उत्तम असलेली माणसं प्रोजेक्ट मॅनेजर झाल्यावर कोसळताना मी पाहिली आहेत, आणि कारण दरवेळी तेच: जमीन अंदाजापेक्षा वाईट निघाली तर खर्च कुणाचा, हे त्यांनी कंत्राटात कधी वाचलेलंच नसतं. मग थांबायची वेळ आली की पैशाच्या भीतीनं थांबत नाहीत. सुरक्षितता अशी कागदावरच हरते.

2019 मध्ये फिडिकनं (सल्लागार अभियंत्यांची आंतरराष्ट्रीय संघटना) भुयारी कामांसाठी एमराल्ड बुक नावाचा वेगळा कंत्राटाचा नमुना काढला, आंतरराष्ट्रीय टनेलिंग असोसिएशनबरोबर. त्याचा गाभा असा की निविदेबरोबरच जमिनीचा पायाभूत अहवाल द्यायचा. जमीन कशी मिळेल असं दोघांनी धरलंय ते त्यात लिहायचं. त्याहून वाईट निघाली तर जोखीम मालकाची, आणि वेळ व दर त्याप्रमाणे बदलतात. हे नीट कळलेला इन्चार्ज रात्री दोन वाजता काम थांबवू शकतो, कारण सकाळी काय नोंद करायची हे त्याला माहीत असतं.

म्हणून माझं मत: एमबीएला हरकत नाही, पण आधी कंत्राट शिक.

मिरजकर
एमबीएबद्दल माझं मत वेगळं आहे. दोन वर्षं बाहेर गेलास की हात जातो. मी मुंबईत मेट्रो 3 ला टीबीएमवर (बोगदा खोदणाऱ्या यंत्रावर) होतो. साडेतेहतीस किलोमीटरची लाइन, 17 यंत्रं, त्यातल्या काहींना नद्यांची नावं. कृष्णा नावाचंही यंत्र होतं. मिरजेच्या माणसाला दादरच्या पोटात कृष्णा भेटल्यावर काय वाटतं ते शब्दांत सांगता येत नाही. आईला फोन करून सांगितलं तर ती म्हणाली, "मग रोज पाया पडून आत जा." रोज पडायचो.

यंत्राचं काम वेगळं. फेस दिसतच नाही. केबिनमध्ये बसून दाब, टॉर्क, बाहेर येणाऱ्या मातीचं वजन यावरून समोर काय आहे ते ओळखायचं. अपेक्षेपेक्षा जास्त माती आली तर वर रस्ता किंवा इमारत खचू शकते. पुढचा काळ टीबीएमचा आहे. कोयनाकाठ, तू ब्लास्टिंगमध्ये अडकून पडू नकोस, यंत्राकडं ये.

जुना_मिस्त्री
मिरजकर, यंत्र अडकतं तेव्हा सोडवायला हातानं खोदणारी माणसंच लागतात. आधी खडक शिकू दे त्याला.

काळा_पाषाण
दोघांचंही खरं आहे. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा बीकेसी ते शिळफाटा बोगदा बघा, 21 किलोमीटर. त्यातले 16 टीबीएमनं आणि साधारण पाच एनएटीएमनं, म्हणजे इथं ड्रिल-ब्लास्ट करून. सात किलोमीटर ठाण्याच्या खाडीखालून. एकाच कामात दोन्ही. दोन्ही बाजूंची भाषा येणारा माणूस आज फार कमी सापडतो, आणि कोयनाकाठकडं मेट्रो आणि हिमालय दोन्ही आहे.

माहुलीची_अनु
मी इंजिनिअर नाही. नवरा अकरा वर्षं बोगद्यांवर आहे, म्हणून लिहिते. घराचं काय, या प्रश्नाला अजून कुणी हात लावला नाही.

12 नोव्हेंबर 2023. लक्ष्मीपूजनाचा दिवस. मी दारात पणत्या लावत होते आणि टीव्हीवर आलं, उत्तराखंडात सिल्क्यारा बोगद्यात 41 माणसं अडकली. आमचे हे तिथं नव्हते, दुसऱ्या राज्यात होते, पण आत होते आणि फोन लागत नव्हता. चार तास. सासूबाई देवासमोरून उठल्या नाहीत. मग ती 41 माणसं बाहेर येईपर्यंत सतरा दिवस आम्ही रोज रात्री बातम्या लावून बसायचो. एका पाइपमधून आत अन्न जात होतं. आत अडकलेल्यांतल्याच एका अनुभवी फोरमननं बाकीच्यांना चालायला लावलं, योगासनं करायला लावली, धीर दिला, असं बातम्यांत येत होतं. माझा मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा. त्यानं विचारलं, "बाबा पण असं करतील का?"

हे घरी आले तेव्हा मी दोन गोष्टी मागितल्या. शिफ्ट संपली की एक मिस्ड कॉल, काहीही असो. आणि तुम्ही साहेब असाल तिथं प्रत्येक मजुराच्या घरी असा कॉल जायची सोय करा. पहिली गोष्ट लगेच झाली. दुसरीला वर्ष लागलं. आता त्यांच्या साइटवर पोर्टलबाहेर, म्हणजे बोगद्याच्या तोंडाशी, एक फोन ठेवलाय, शिफ्ट सुटली की आधी रांग तिथं लागते.

पुण्याला या म्हणणं सोपं आहे. पण बायकोला विचारलंत का? नीट, बसून?

वाईकर
अनुताई, अगदी खरं.

थोडं अवांतर. खंबाटकीचा जुना बोगदा आम्हाला रोजचा. साताऱ्याकडून पुण्याला जाताना बोगदा, येताना घाट. बोगदा संपल्यावर पुढं ते एस वळण आहे, तिथं माझ्या मामेभावाचा ट्रक उलटला होता. वाचला, पण पाय गेला. आता तीन-तीन पदरी नवे दोन बोगदे घेतलेत, त्यांनी ते वळणच टळतं. मी जाता-येता गाडी बाजूला घेऊन बघायचो. आत काम करणाऱ्यांना कदाचित माहीतही नसेल की बाहेर कोण कशासाठी त्यांची वाट बघतोय.

आटपाडीचा_आबा
वाईकरांनी माझ्या मनातलं लिहिलं. म्या डाळिंबवाला माणूस, शिक्षण बारावी. आमच्या आटपाडीत टँकरवर दिवस काढल्यात. नागनाथअण्णा नायकवडींच्या पाणी परिषदांना आमचा बाप चालत जायचा. मग कऱ्हाडजवळनं टेंभूचं पाणी उचललं, कालव्यातनं, बोगद्यातनं, टप्प्याटप्प्यानं वर आणलं. पाणी पहिल्यांदा आलं तवा बाप चपला काढून त्यात उभा राहिला. बराच वेळ. हाक मारली तर म्हणाला, "थांब जरा, गार लागतंय."

त्या बोगद्यात कोण राबलं आमाला ठाव न्हाय. नाव न्हाय, गाव न्हाय. भावा, तू ज्ये काम करतोस त्ये कुणाच्या तरी पायाला गार लागणार हाय. तेवढं ध्यानात ठेव.

तेजस_विटा
आबा 🙏

शिक्षणाबद्दल कुणी सांगेल का? बोगद्यांसाठी वेगळा कोर्स असतो का?

कृष्णामाईचा_मास्तर
तेजस, मी कराडला शिकवतो. धनबादच्या आयआयटी आयएसएममध्ये बोगदे आणि भूमिगत बांधकाम यावर एमटेक आहे. बेंगळुरूला राष्ट्रीय खडक यांत्रिकी संस्था आहे. पण पदवीच्या आधी करायची गोष्ट तुझ्या घरापासून दीड तासावर आहे. कोयनेच्या भूकंपांच्या अभ्यासासाठी तीन किलोमीटर खोल भोक मारलंय आणि त्याची प्रयोगशाळा कराडजवळ हजारमाचीला आहे. वरचा सव्वा किलोमीटरच्या आसपास बेसाल्ट, खाली ग्रॅनाइट. जमिनीखाली काय असतं हे पुस्तकातल्या चित्रानं कळत नाही. अशा भोकातून निघालेला खडकाचा गाभा हातात धरला की कळतं. तळव्यावर ठेवला की दोन खडकांच्या वजनातला फरक जाणवतो. ओळख काढून परवानगी घ्या, चार मित्र मिळून जा.

मुलींनीही जावं. काळा_पाषाण, तुमचा या बाबतीतला अनुभव लिहाल का?

काळा_पाषाण
लिहिते. माझ्या पहिल्या साइटवर ब्रेकथ्रूच्या (बोगदा आरपार होण्याच्या) दिवशी मला पोर्टलबाहेर थांबवलं, बाईमाणूस आत आली की डोंगर रागावतो म्हणून. सहा महिने ज्या फेसचं मॅपिंग मी केलं तो उघडताना मी बाहेर उन्हात उभी होते. रडले नाही, पण विसरलेही नाही. भूमिगत खाणींत स्त्रियांना तांत्रिक आणि देखरेखीच्या कामाला कायद्यानं मुभा मिळाली तीच 2019 मध्ये, त्याआधी 1952 च्या कायद्यानं बंदी होती. बोगद्यांना तो कायदा तसा लागू नव्हता, पण मनात तीच बंदी होती.

तिसऱ्या साइटवर तो रेघ मारणारा इन्चार्ज भेटला. ब्रेकथ्रूच्या दिवशी त्यानं नारळ माझ्या हातात दिला. भाषण नाही, काही नाही. नारळ दिला आणि बाजूला झाला. त्यानंतर त्या साइटवर कुणी तो विषय काढला नाही.

विश्रामबाग
मूळ प्रश्नाकडं येऊ या. कोयनाकाठ, काय विचार झाला?

कोयनाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. तीन दिवस सगळं पुन्हा पुन्हा वाचतोय.

अनुताई, तुम्ही विचारलंत ते खरं होतं. मी बायकोला विचारलंच नव्हतं, सांगितलं होतं. काल दोन तास बोललो. ती म्हणाली, पुण्यात आलास आणि रोज संध्याकाळी हिमालयात असल्यासारखा बसलास तर आम्हाला काय उपयोग? दोन वर्षं इन्चार्ज हो, पण दर दोन महिन्यांनी घरी, आणि हे आधी कंपनीकडून लिहून घे. मुलगी शाळेत जायला लागली की पुन्हा बसून ठरवू.

जुना_मिस्त्रींचा प्रश्न परवापासून शिफ्टला विचारायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी सगळे गप्प. काल आमचा झारखंडचा फोरमन पांगलेल्या माणसांमधून मागं आला आणि हळूच म्हणाला, मागं चाळीस मीटरवर डाव्या बाजूला शॉटक्रीटमध्ये केसाएवढी भेग आहे, आठवड्यापूर्वी नव्हती. बॅटरी धरून बघितलं. होती. त्याच ठिकाणच्या टार्गेटचं (भिंत किती सरकली ते मोजायच्या खुणेचं) रीडिंग काढलं तर भिंत रोज थोडी थोडी आत येतेय. रोजचा आकडा छोटा आहे, म्हणून कुणाच्या डोळ्यात आलं नाही. पण एव्हाना तो कमी कमी होत थांबायला हवा होता, आणि तो थांबत नाहीये. आज त्या पट्ट्यात जादा बोल्ट सुरू केलेत आणि तेवढा वेळ फेस बंद ठेवलाय. वरून फोन आला. विश्रामबाग, तुमचं वाचलेलं होतं म्हणून नोंद आधीच करून ठेवली होती, सरळ वाचून दाखवली.

आणि हो, रात्रपाळीच्या जेवणाचंही बघितलं. अकराचं जेवण गार होऊन एक वाजता आत पोचत होतं. चार वर्षांत मला हे माहीत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात सुट्टीवर येतोय. जुना_मिस्त्री, कराडला भेटता येईल का?

आटपाडीचा_आबा
ये भावा. आटपाडीला बी ये, डाळिंबं घिऊन जा पोरांसाठी.

जुना_मिस्त्री
शनिवारी सकाळी ये, घरीच आहे. त्या चाळीस मीटरवरच्या पट्ट्याची तीस दिवसांची रीडिंग आणि तिथले फेस मॅप घेऊन ये, मोबाइलवर नको, छापून आण. काळा_पाषाण, तुला जमत असेल तर तूही ये, सांध्यांची दिशा तुझ्याशिवाय आम्हाला लागायची नाही. आणि तोवर रोज सकाळ-संध्याकाळ दोनदा मोजायला सांग. भेगेच्या दोन्ही टोकांना खडूनं तारीख टाकून ठेव.

काळा_पाषाण
येते. होकायंत्र आणते.